नुसत्या अभिमानावर तट उभा राहत नाही

सहलीवरचे तुमचे निबंध तपासून झाले. गठ्ठा टेबलावर आहे आणि एकाही वहीवर मी गुण दिलेले नाहीत. का, ते ऐका. दहावीच्या या वर्गात जवळजवळ प्रत्येकाने शेवट एकाच वाक्याने केला आहे: सिंधुदुर्ग पाहून अभिमानाने ऊर भरून आला. आणि याच वर्गातल्या एकाने त्या सिंधुदुर्गाच्या तटावर, दगडांच्या सांध्यातल्या चुन्यात, खिळ्याने आपलं नाव कोरलं. खाली गावाचंही कोरलं, 'नांदगाव'. फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्याखाली तुम्ही अंगठे दाखवलेत, हसरे चेहरे टाकलेत. 'हे चूक आहे' एवढं लिहायला एकाचंही बोट उचललं नाही.

कोरणारा कोण, ते मला माहीत आहे. त्याचं नाव मी घेणार नाही. हात एकाचा होता, पण शेजारी उभं राहून हसणारे बरेच होते. म्हणून आजचं बोलणं सगळ्यांशी आहे. माना खाली घालू नका. वर बघा आणि ऐका.

आधी गावाच्या नावाचं बोलू, कारण तुम्ही ते तिथे ठेवून आलात. मनमाडहून औरंगाबादला जाणारी निजामाची रेल्वे १९०० साली सुरू झाली. त्याआधी वेरूळची लेणी पाहायला मुंबईहून निघालेला माणूस आपल्या नांदगाव स्टेशनात उतरायचा आणि तिथून बैलगाडीने किंवा टांग्याने पुढे जायचा. त्या काळच्या इंग्रजी प्रवासपुस्तकांत वेरूळला जायचं तर नांदगावला उतरा, असं छापलेलं असे. परक्या मुलखातली माणसं आपला वारसा पाहायला या फलाटावर उतरत होती. त्या गावाची मुलं तुम्ही. मालवणच्या होडीवाल्याने उद्या तटावर 'नांदगाव' वाचलं, तर या गावाबद्दल त्याने काय समजायचं?

परवा वर्गात हा विषय काढला तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, समुद्र कुठे अन् आपण कुठे! ते कोकणातल्या लोकांनी बघावं." ते ऐकून काही जण हसले. आता त्या हसण्याचा हिशेब करू.

आपल्या पत्र्यावर जूनमध्ये वाजतो तो पाऊस कुठून येतो? भूगोलाच्या पेपरात तुम्ही बिनचूक लिहिता: नैऋत्य मोसमी वारे, अरबी समुद्र, सह्याद्री, आणि नांदगाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात. दोन गुण मिळाले की विषय संपला. पण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ तो समुद्र वर्षानुवर्षं मोजत आहेत. समुद्र तापतो आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, असं त्यांनी २०२१ साली मांडलं. त्याआधी २०१७ साली त्यांनी दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांना लागणारं बाष्प अरबी समुद्रावरून येतं.

२०२१चा सप्टेंबर आठवतो? लहान वर्गात होतात, पण आठवत असेल. एरवी टँकरची वाट बघणाऱ्या या गावात लेंडी आणि शाकांबरी या नद्या शिरल्या. बाजारपेठेतली दुकानं पाण्यात गेली. एका पुराचं खापर एकाच कारणावर फोडता येत नाही, विज्ञानाच्या तासाला हे मी तुम्हाला शिकवलं आहे. पण दुष्काळी तालुक्याने पुराची सवय करून घ्यावी असे दिवस आलेत, आणि त्या दिवसांचा धागा तुम्ही ज्या समुद्रात पाय भिजवून सेल्फी काढल्यात त्या समुद्राशी जोडलेला आहे. तेव्हा 'समुद्र कुठे अन् आपण कुठे' हे वाक्य या वर्गात पुन्हा ऐकायचं नाही.

आणखी एक. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. तेव्हा तुम्ही शाळेत पेढे वाटलेत, घोषणा दिल्यात. त्या बारांपैकी समुद्राच्या पाण्यात किंवा काठावर किती? खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातला कोणता? बागलाणातला साल्हेर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, जिथे १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. साल्हेर आणि सिंधुदुर्ग एकाच नोंदीत बसले आहेत. ही बारा ठिकाणं मिळून एक वारसा आहे, वेगवेगळे बारा नव्हेत. सिंधुदुर्गाच्या चुन्याला लागलेला खिळा साल्हेरलाही लागला.

आता तो खिळा नेमकं काय करतो ते समजून घ्या, म्हणजे 'एवढ्याशा नावाने काय होतं' हा प्रश्न परत पडणार नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, असं परंपरा सांगते. भोवती खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या विहिरी राखल्या: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ लाटा त्या तटावर आदळत आहेत. तो टिकला तो दगडाइतकाच सांध्यांतल्या चुन्यामुळे. चुना थोडा मऊ असतो, श्वास घेतो, आत शिरलेला ओलावा बाहेर टाकतो. सांधा उघडा पडला की खारं पाणी आत जातं. पाणी सुकतं, मीठ मागे राहतं. मिठाचे खडे वाढतात आणि दगडाला आतून फोडतात. मग त्या फटीत पिंपळाचं बी पडतं. मुळं जाड होतात. पुढच्या पावसात चिरा निसटतो आणि त्याच्यावरचे चिरे मोकळे होतात. २०२०च्या पावसाळ्यात विजयदुर्गाच्या तटाचा भाग असाच पावसाच्या माऱ्यात ढासळला. म्हणजे ज्या कामाला समुद्राला अनेक वर्षं लागली असती, ते सुरू करून द्यायला तुमच्यातल्या एकाने हातभार लावला. पावसाळी उधाणात तो खिळा पुढे चालत राहील, तुम्ही नांदगावला घरी झोपलेले असाल तेव्हाही.

आणि समुद्राचा जोर आता पूर्वीपेक्षा वाढला आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटीमीटरने चढली आणि चढण्याचा वेग वाढतो आहे. पातळी चढली की उधाणाची लाट तटाच्या ज्या थरावर आधी पोचत नव्हती त्या थरावर पोचते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी पिढ्यांनी जपलेली. रोप लावल्यापासून फळ धरेपर्यंत वर्षं जातात. वाडी मोडली की तिच्याबरोबर पाणी फिरवण्याची पद्धत, झाडावर चढण्याचं कसब, सुपारी सोलण्याचं काम, त्यावर चालणारी घरं, सगळंच डळमळतं. वारसा म्हटला की तुम्हाला फक्त दगडी बुरूज दिसतो. माणसांच्या हातातलं ज्ञान हाही वारसाच, आणि तो बुरुजापेक्षा लवकर नाहीसा होतो.

आता तुमचं लाडकं वाक्य घेऊ. निम्म्या निबंधांत आहे: 'सरकारने या किल्ल्यांकडे लक्ष द्यावे.' सरकारने द्यावंच. सिंधुदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तिथे खर्च व देखरेख करणं खात्याचं काम आहे. ते झालं नाही तर जाब विचारायलाच हवा. अशा संरक्षित वास्तूला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असा कायदाही आहे. हे आकडे कोरणाऱ्याने नीट ऐकावेत. पण तटाला पडलेली पहिली भेग कोणाला दिसते? दिल्लीच्या अधिकाऱ्याला नाही. रोज तिथून होडी नेणाऱ्याला दिसते, जाळं सुकवणाऱ्या बाईला दिसते, शाळेच्या सहलीला आलेल्या मुलाला दिसू शकते. घराच्या पत्र्याला भोक पडलं तर तुमची आई ग्रामपंचायतीच्या ठरावाची वाट पाहते का?

गोव्याचं उदाहरण सांगतो, पाठ करा. मांडवी-जुवारीच्या खाड्यांकाठी खाजन जमिनी आहेत, सुमारे अठरा हजार हेक्टर. भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असलेली ही शेतं. शेकडो वर्षं गावकाऱ्यांनी, म्हणजे गावच्या सामूहिक संस्थेने, माती, पेंढा आणि जांभ्या दगडाचे बांध घालून समुद्राला बाहेर ठेवलं. बांधाला लाकडी दार, त्याला मानस म्हणतात. ओहोटीला ते आपोआप उघडतं, शेतातलं पाणी बाहेर जातं. भरतीला पाण्याच्या दाबानेच मिटतं. आत खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात पिकायचं. मानशीजवळच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. बांध फुटला तर गाव धावायचा. वारसा जपण्याची व्यवस्था पोटापाण्याच्या व्यवस्थेत अशी बसवलेली होती. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी गावकाऱ्यांकडून कुळांच्या संघांकडे गेली. कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते न्यायाचंच झालं. पण बांधाची रोजची राखण बऱ्याच ठिकाणी कोणाच्याच अंगावर राहिली नाही. बांध फुटले, खारं पाणी आत आलं, शेतं पडीक झाली. कायदा करणाऱ्यांनी बांध फोडले नाहीत. बांध फुटले ते 'कोणीतरी बघेल' या एका विचाराने. तोच विचार तुमच्या निबंधात आहे.

याच्या उलट रत्नागिरीकडे बघा. कोकणच्या सड्यांवर, जांभ्याच्या कातळात, हजारो वर्षांपूर्वी माणसांनी हत्ती, वाघ, मासे कोरले, आज कोकणात न दिसणारा गेंडाही कोरला. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई गावोगाव फिरले. कोणत्या कातळावर काय आहे, हे त्यांना गुराख्यांनी, शेतकऱ्यांनी, म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं. हजाराहून अधिक आकृत्यांची नोंद झाली. सड्यावर चिरेखाण किंवा आंब्याची लागवड आली की एका दिवसात ही चित्रं जाऊ शकतात. जागा बहुतेक खाजगी मालकीच्या, त्यामुळे गावाने आणि जमीनमालकाने मनावर घेतलं तरच ती वाचतात. उक्षीला गावाने ते मनावर घेतलं, आणि तिथल्या कोरलेल्या हत्तीभोवती संरक्षक भिंत उभी राहिली. २०२२ साली उक्षी, कशेळी, बारसूसह कोकणातली आणि गोव्यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ज्यांनी ही माहिती दिली त्यांतल्या कित्येकांनी तुमच्याएवढं शिक्षण घेतलेलं नाही. त्यांनी कातळावर आपलं नावही कोरलं नाही.

खांदेरीचंही तसंच. थळसमोरच्या त्या बेटावर १६७९ साली महाराजांनी किल्ल्याचं काम काढलं आणि इंग्रज व सिद्दी दोघांशी झुंज दिली. आज तिथे कायमची वस्ती नाही. पण कोळी बांधव तिथल्या वेताळाला मानतात, नवस फेडायला होड्या घेऊन जातात. देवाला जाणारा माणूस पायरी ढासळलेली बघतो, तटाची पडझड बघतो, परत येऊन सांगतो. जिथे माणसाची ये-जा आणि श्रद्धा टिकते, तिथे पहारा टिकतो.

परदेशातलं एक सांगतो, कारण तुम्हाला परदेशाचं कौतुक जास्त. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या जुन्या वास्तू वादळांनी आणि लाटांनी झिजत आहेत. सेंट अँड्रूज विद्यापीठाशी जोडलेल्या एका संस्थेने २०१२ ते २०१६ या काळात सामान्य लोकांना हाताशी धरलं. लोक किनाऱ्यावर जायचे, फोनवर फोटो काढायचे, किती झीज झाली याची नोंद पाठवायचे. त्यावरून कुठे आधी धावायचं ते ठरलं. तोच फोन तुमच्याही खिशात आहे. तुम्ही त्यावर काय केलंत, ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

रोज सकाळी परिपाठाला तुम्ही प्रतिज्ञा म्हणता. देशातल्या परंपरांच्या अभिमानाचं वाक्य त्यात आहे, आणि ते तुम्ही खणखणीत आवाजात म्हणता. पण त्याच्या लगेच पुढे त्या परंपरांना पात्र होण्यासाठी सदैव प्रयत्न करण्याची कबुली आहे. तिथे तुमचा आवाज उतरतो, हे मी रोज ऐकतो. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर संविधानातली मूलभूत कर्तव्यं छापलेली आहेत. आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे, असं अनुच्छेद ५१-क सांगतो. ती पानं तुमच्या पुस्तकांत अजून कोरी करकरीत आहेत.

आता काय करायचं ते सांगतो. वह्या काढा.

ज्याने नाव कोरलं, त्याने पुरातत्त्व खात्याला पत्र लिहायचं, स्वतःच्या सहीने. काय केलं आणि कुठे केलं ते स्पष्ट लिहायचं. पुन्हा जाऊन ते नाव घासून पुसण्याचा उद्योग करायचा नाही. घासल्याने चुना आणखी निघतो आणि परवानगीशिवाय तटाला हात लावणं पुन्हा गुन्हाच. त्याला सिमेंट फासायचा विचार तर स्वप्नातही नको. सिमेंट ओलावा आत कोंडतं आणि शेजारचा दगड कुजवतं. काय करायचं ते जाणकार ठरवतील. तुम्ही कबूल करायचं.

बाकीच्यांनी आपल्या तालुक्याकडे डोळे वळवायचे. माणिकपुंज किल्ला नांदगाव तालुक्यातच आहे. या वर्गातल्या किती जणांनी तो पाहिला? हात वर करा. बघितलंत? सिंधुदुर्गाला जायला पाच-पाचशे रुपये जमवलेत आणि घरचा किल्ला माहीत नाही. तिथे जायचं, काही कोरायचं नाही, काही उचलायचं नाही. पाण्याची टाकी आणि उरलेलं बांधकाम यांचे फोटो घ्यायचे, प्रत्येक फोटोवर तारीख आणि उभं राहण्याची जागा लिहायची. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून तोच फोटो. चार वर्षांत कुठे काय ढासळतं हे तुम्ही कुणालाही पुराव्यानिशी सांगू शकाल. तुम्ही शाळा सोडून गेल्यावर ही वही पुढच्या दहावीकडे जाईल.

दुसरं काम गावातलं. २०२१चं पाणी कोणत्या घरात, कोणत्या दुकानात, किती उंचीपर्यंत आलं ते घरोघरी विचारून नोंदवायचं. घरमालकाची परवानगी घेऊन भिंतीवर रंगाने रेघ आणि तारीख मांडायची. पाणी शिरलं की कपाटाचा खालचा कप्पा आधी जातो. जुने फोटो, खरेदीखतं, पत्रं, पोथ्या, हिशेबाच्या वह्या तिथेच असतात. त्या वरच्या फळीवर हलवा, असं प्रत्येक घरी सांगायचं आणि मालक हो म्हणाला तर त्यांचे फोटो काढून ठेवायचे. म्हाताऱ्या माणसांना जुन्या विहिरी, बारवा, वाटा, पाण्याच्या जागा विचारायच्या. जे ते सांगतील ते त्यांच्या शब्दांत उतरवायचं.

तिसरं, पुढच्या सहलीचं. आपल्या गटाचा एकही प्लास्टिकचा तुकडा तिथे राहता कामा नये. तटाला भेग किंवा नवी पडझड दिसली तर फोटो काढून तिथल्या पहारेकऱ्याला दाखवायची. आणि कोणी कोरताना दिसला, तो आपला असो की परका, तर त्याचा हात धरायचा. हसायचं नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापाशी या, माणिकपुंजला जायचं आहे. जे येतील त्यांच्या निबंधाला मी गुण देईन. जे येणार नाहीत त्यांनी कोणत्याही निबंधात 'अभिमान' हा शब्द पुन्हा लिहू नये. मी तो लाल शाईने खोडीन.